चार वाट्या पाणी, एक वाटी साखर

आमच्या न्यू जर्सीच्या घरी एप्रिलच्या शेवटी हमिंगबर्ड हा चिमुकला पक्षी आला आणि मेमध्ये सांगलीहून आई.

डेकवरच्या लाल फीडरसाठी, म्हणजे त्याला साखरपाणी पाजायच्या टांगत्या भांड्यासाठी, मी साखर मोजत होतो. आईने पाहिलं आणि तिचं सुरू झालं. "पांढरी साखर कशाला? गूळ घाल. नाहीतर मध." तिला सांगितलं, गुळातलं लोह त्याला बाधतं, मधाच्या पाण्याला बुरशी लवकर धरते, रंगही घालायचा नाही. एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी, बस. आणि उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी ते ओतून द्यायचं, फीडर गरम पाण्याने घासायचा, नवं भरायचं. "म्हणजे सोवळंच की," आई म्हणाली. त्या दिवसापासून ते खातं तिच्याकडे गेलं.

मग मुंग्या लागल्या. त्यावर इथे फीडरच्या वर टांगायची पाण्याची छोटी वाटी विकत मिळते. ती बघून आईला हसू आवरेना. आजीच्या फडताळाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असायचे, ते मीही पाहिलंय. त्याच अकलेचे मी इथे डॉलर मोजले होते.

पक्षी पहिल्यांदा दिसला तेव्हा ती म्हणाली, "अरे, हा तर आपला शिंजीर!" जास्वंदीवर येतो तो. दिसायला तसाच, पण नात्याने हा पाकोळी पक्ष्याच्या जवळचा. शिंजीर बहुतेकदा फांदीवर बसून मध पितो. हा हवेतच उभा राहतो, सेकंदाला पन्नासेक वेळा पंख हलवत, आणि पिऊन झालं की चक्क मागे मागे उडत जातो. वजन तीन ग्रॅम. चमचाभर साखरसुद्धा त्याहून जड भरेल. नराचा गळा एरवी काळपट वाटतो. मान जरा वळली, ऊन पडलं, की माणकासारखा पेटतो.

एवढ्याशा जिवाचा स्वभाव मात्र गावगुंडाचा. फीडरला चार भोकं, पण हा समोरच्या डॉगवुडच्या झाडावर बसून पहारा देणार आणि दुसरा कुणी आला की अंगावर धावून जाणार. "मेला स्वतः धड पीत नाही, दुसऱ्याला पिऊ देत नाही," आई चिडायची. शेवटी घराच्या दुसऱ्या बाजूला, त्याला दिसणार नाही असा आणखी एक फीडर लावला. आईला उपाय पटला. "वाटणी केली की भांडणं मिटतात, पण चुली एकमेकींना दिसता कामा नयेत," ती म्हणाली. तिच्या सासरचा इतिहास मला माहीत आहे, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

नर आधी निघून गेला. सप्टेंबरभर उरलेले नुसते पीत होते आणि किडे टिपत होते. प्रवासाआधी हे पक्षी चरबी साठवून वजन जवळजवळ दुप्पट करतात. त्यांतले कित्येक त्या शिदोरीवर मेक्सिकोचं आखात, आठशेएक किलोमीटर, कुठेही न टेकता पार करतात.

ऑक्टोबरमध्ये आईच्या बॅगा भरल्या. एकीचं वजन पंचवीस किलो झालं, चालतात तेवीस. बदामाची पाकिटं बाहेर काढता काढता ती रिकाम्या फीडरकडे बघून म्हणाली, "त्याचं बरंय. सगळं पोटात घालून नेतो."