उल्का-सूची : पहिल्या पाच फेऱ्यांनी घातलेला घोळ

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की उल्का-सूचीच्या प्रोग्रॅममधील सगळ्या क्वेऱ्या (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) आता प्रिपेअर्ड स्टेटमेंटवर, म्हणजे एकदा तयार करून पुढे फक्त मूल्ये बदलून चालवायच्या रूपात, आणल्या आहेत आणि मजकूर जोडून क्वेरी तयार करण्याची जुनी पद्धत कायमची बंद केली आहे. त्यानंतरचे तीन आठवडे एकाच दुखण्यात गेले. परवा रात्री त्याचे मूळ सापडले, आणि ते इतके नेमके निघाले की बाकीची कामे बाजूला ठेवून आधी हेच लिहून काढायचे ठरवले.

दुखणे असे होते. मुख्य पडद्यावर स्थितीनुसार पाच कप्पे आहेत : रिकामी, ढगाळ, विमान, उल्का आणि तपासायची. निवडलेल्या कप्प्यातील चौकटींचा (आकाशाच्या चित्रांचा) रात्रवार सारांश दर मिनिटाला ताजा होतो आणि पाचही कप्प्यांसाठी एकच स्टेटमेंट वापरले जाते. बदलते ती फक्त डॉलर-१ या जागी जाणारी स्थिती. टेबलात सुमारे ४० लाख ओळी आहेत, त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रिकामी आहेत, तर उल्का जेमतेम २,३०० आहेत. उल्का हा कप्पा उघडला की कधी ६ मिलिसेकंदांत उत्तर येई, कधी पावणेतीन सेकंद लागत. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला की सगळे सुरळीत होई आणि काही वेळाने तो पुन्हा अडखळू लागे.

मी आधी डिस्कवर संशय घेतला, मग मेमरीवर, मग इंडेक्सवर, म्हणजे हव्या त्या ओळी चटकन शोधून देणाऱ्या अनुक्रमणिकेवर. इंडेक्स नव्याने बांधला, ॲनालाइझ (टेबलाची आकडेवारी ताजी करणारी आज्ञा) चालवले, तरी काडीचा फरक पडला नाही. पीएसक्यूएलमध्ये (डेटाबेसला थेट आज्ञा देण्याच्या साधनात) तीच क्वेरी उल्का हा शब्द थेट लिहून चालवली की ती दर वेळी इंडेक्सवरूनच जाई.

पोस्टग्रेसचा, म्हणजे मी वापरते त्या डेटाबेसचा, पाच फेऱ्यांचा नियम मला ठाऊक होता. पॅरामीटर असलेले स्टेटमेंट पहिल्या पाच वेळी प्रत्यक्ष मूल्य पाहून खास प्लॅन (क्वेरी कशी चालवायची याचा आराखडा) आखते; त्यानंतर मूल्य न पाहता आखलेल्या सर्वसाधारण प्लॅनचा अंदाजित खर्च काढला जातो आणि तो खास प्लॅनांच्या सरासरीपेक्षा कमी असेल तर पुढे तोच वापरला जातो. म्हणून मी पीएसक्यूएलमध्ये प्रिपेअर करून उल्का हे मूल्य देऊन ते स्टेटमेंट दहा वेळा चालवले. दहाही वेळा ते झटकन चालले, आणि मी हा संशय मनातून काढून टाकला. सगळे आठवडे वाया गेले ते या एका चाचणीमुळे, कारण चाचणीची रीत बरोबर होती, पण तिला दिलेले मूल्य चुकीचे होते.

परवा दोन कप्प्यांमध्ये इकडून तिकडे जाताना एक गोष्ट लक्षात आली. प्रोग्रॅम उघडताच उल्का कप्प्यावर गेले तर अडचण येत नाही. पहिल्या कप्प्यावर पडदा तसाच ठेवून काही वेळाने परतले तर हमखास येते. पहिला कप्पा म्हणजे रिकामी. मग मी स्टेटमेंटची सद्यस्थिती सांगणारा पीजी-प्रिपेअर्ड-स्टेटमेंट्स हा व्ह्यू पाहायचे ठरवले. तो फक्त स्वतःच्या सेशनमधली स्टेटमेंटे दाखवतो, त्यामुळे पीएसक्यूएलमधून त्यात माझ्या प्रोग्रॅमचे काहीच दिसत नव्हते. शेवटी प्रोग्रॅममध्येच एक छोटे बटण जोडले, जे त्याच कनेक्शनवरून या व्ह्यूची ओळ आणून छापते. पोस्टग्रेस १४ पासून या व्ह्यूत सर्वसाधारण आणि खास प्लॅन किती वेळा वापरले गेले याचे दोन आकडे मिळतात. माझ्या ओळीत खास प्लॅन ५ आणि सर्वसाधारण प्लॅन ३७ असे आकडे होते. ती ओळ पाहताच मी खुर्चीवरून उठले.

मग त्याच कनेक्शनवरून एक्सप्लेन एक्झिक्यूट ही प्लॅन दाखवणारी आज्ञा पाठवली. लिबपीक्यू या पोस्टग्रेसच्या सी-लायब्ररीतील पीक्यूप्रिपेअर या फंक्शनने तयार केलेले स्टेटमेंट नाव देऊन असे चालवता येते, हे फार उपयोगी आहे. खास प्लॅन असेल तर एक्सप्लेनमध्ये प्रत्यक्ष मूल्य दिसते, सर्वसाधारण असेल तर डॉलर-१ तसाच राहतो. माझ्या फिल्टरच्या ओळीत डॉलर-१ होता आणि वरच्या ओळीत संपूर्ण टेबलाचे सिक्वेन्शियल स्कॅन (इंडेक्स न वापरता ओळीमागून ओळ वाचणे) होते.

पुढचे गणित सरळ आहे. स्थिती कोणती येणार हे माहीत नसल्यामुळे प्लॅनर पाच भिन्न मूल्ये धरून प्रत्येकाच्या वाट्याला एक पंचमांश टेबल, म्हणजे ८ लाख ओळी, येतील असे मानतो. एवढ्या ओळींसाठी इंडेक्सने जाण्यापेक्षा सगळे टेबल वाचणे स्वस्त ठरते. आता पहिल्या पाच फेऱ्या रिकामी या मूल्याच्या असतील, तर खास प्लॅनही संपूर्ण टेबल वाचण्याचाच असतो, शिवाय त्याच्या खर्चात दर वेळी नव्याने प्लॅन आखण्याचा आकार मिळवलेला असतो. त्यामुळे सर्वसाधारण प्लॅन स्वस्त दिसतो, निवडला जातो, आणि त्यानंतर खास प्लॅन आखलाच जात नसल्याने सरासरी तिथेच गोठते. पुढे उल्का हे मूल्य आले तरी तेच सिक्वेन्शियल स्कॅन त्याच्याही वाट्याला येते. उलट माझ्या चाचणीत दहाही फेऱ्या उल्का याच मूल्याच्या होत्या; त्या खास प्लॅनांचा खर्च नगण्य होता, म्हणून सर्वसाधारण प्लॅन महाग ठरून कायम नाकारला गेला.

पाच हा आकडा शेवटचा नाही, हेही यातून नीट उमगले. सर्वसाधारण प्लॅन नाकारला गेला तरी सरासरी पुढे चालूच राहते. सुरुवातीला दोनदा उल्का पाहून मग पडदा रिकामी कप्प्यावर सोडला, तेव्हा बदल चौदाव्या फेरीला झाला, कारण तोवर सरासरी हळूहळू चढत सर्वसाधारण प्लॅनच्या वर गेली होती. तो प्रोग्रॅम कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने अडखळायचा याचा उलगडा इथे झाला, आणि खरे समाधान मला या क्षणी मिळाले.

उपाय म्हणून पहिल्यांदा प्लॅन-कॅश-मोड हे सेटिंग संपूर्ण सेशनसाठी खास प्लॅनच्या सक्तीवर ठेवले. ते पोस्टग्रेस १२ पासून आहे. त्रास तत्काळ थांबला. पण क्रमांकावरून एक चौकट आणणारी स्टेटमेंटे दिवसातून हजारो वेळा चालतात, त्यांचा प्लॅन कोणत्याही क्रमांकासाठी एकच असतो, आणि त्यांना दर वेळी नव्याने प्लॅन आखायला लावणे म्हणजे ज्या लाभासाठी प्रिपेअर केले तोच सोडून देणे आहे. हे सेटिंग प्रिपेअर करताना नव्हे तर चालवताना विचारात घेतले जाते, तेव्हा एका स्टेटमेंटपुरते ते बदलून पुन्हा पूर्ववत करता येईल. मात्र दर मिनिटाला सर्व्हरकडे आणखी दोन फेऱ्या मारणे मला पटले नाही. मग सारांशाची ही एकच क्वेरी पीक्यूएक्झेकपॅराम्सने, म्हणजे आधी प्रिपेअर न करता मजकूर आणि मूल्ये वेगवेगळी पण एकदम पाठवणाऱ्या फंक्शनने, पाठवायची ठरवली. त्यात स्टेटमेंट दर वेळी नव्याने पार्स होते, म्हणून प्लॅन मूल्य पाहूनच आखला जातो, आणि मूल्य मजकुरापासून वेगळेच प्रवास करत असल्याने इंजेक्शनपासूनचे (मूल्यातून घुसवलेली आज्ञा चालण्यापासूनचे) संरक्षण जराही कमी होत नाही. सुरक्षिततेसाठी स्टेटमेंट नाव देऊन जपून ठेवावेच लागते हा समज बऱ्याच जणांत दिसतो. संरक्षण मिळते ते पॅरामीटर वेगळे पाठवण्यातून.

हे लिहीत असतानाच आणखी एक गोष्ट सुचली आणि बेत पुन्हा बदलला आहे. स्थिती वापरणाऱ्याने टंकलेली नसते. पाच ठरलेले शब्द आहेत आणि ते प्रोग्रॅममध्येच लिहिलेले आहेत. तेव्हा प्रत्येक स्थितीसाठी शब्द थेट मजकुरात असलेले वेगळे स्टेटमेंट प्रिपेअर केले तर पाच स्टेटमेंटे होतील, प्रत्येकाला आपल्या स्थितीला साजेसा प्लॅन मिळेल आणि तो जपूनही ठेवता येईल. शिवाय फक्त उल्का असलेल्या ओळींचा पार्शियल इंडेक्स बांधता येईल. डॉलर-१ असलेल्या सर्वसाधारण प्लॅनला असा इंडेक्स वापरताच येत नाही, कारण मूल्य इंडेक्सच्या अटीत बसेल याची प्लॅनरला खात्री देता येत नाही. ४० लाखांऐवजी २,३०० ओळींचा इंडेक्स, ही कल्पनाच फार सुखावणारी आहे.

बाकीची प्रगती थोडक्यात. निवडलेल्या चौकटी आणण्यासाठी आधी इन-कंसात जितके क्रमांक तितकी डॉलर-चिन्हे लिहावी लागत, म्हणजे प्रत्येक संख्येसाठी नवे स्टेटमेंट. शिवाय प्रोटोकॉलची ६५,५३५ पॅरामीटरांची मर्यादा आहेच. आता एनी आणि एकच ॲरे पॅरामीटर वापरला आहे आणि एका स्टेटमेंटमध्ये सगळे भागते. बायनरी स्वरूपात क्रमांक पाठवताना एक चौकट काही केल्या सापडत नव्हती. बाइटांचा क्रम उलटा जात असल्याने सर्व्हर १ हा आकडा १,६७,७७,२१६ असा वाचत होता. नेटवर्क क्रमात (सर्वांत वरचा बाइट आधी) बदलून पाठवताच ती आली. कनेक्शन तुटून पुन्हा जुळल्यावर येणारी २६००० (त्या नावाचे स्टेटमेंट नाही) ही त्रुटीही मिटली आहे : स्टेटमेंटे सेशनबरोबरच नाहीशी होतात, म्हणून पीक्यूरिसेटने कनेक्शन पुन्हा जोडल्यानंतर सगळी पुन्हा प्रिपेअर करणारे एक फंक्शन लिहिले आहे.

साधनांबद्दल एक मत नोंदवते. रात्रीच्या आयातीची पायथन स्क्रिप्ट सायकोपीजी ३ या पोस्टग्रेससाठीच्या पायथन लायब्ररीवर आहे. ते एखादी क्वेरी पाचपेक्षा अधिक वेळा आली की स्वतःहून प्रिपेअर करते, पण ती मर्यादा कनेक्शनवरच प्रिपेअर-थ्रेशोल्ड या नावाने समोर ठेवलेली आहे आणि हवी तर पूर्ण बंद करता येते. मला ही रीत आवडते. पूर्वी वापरलेल्या एका आवरण-लायब्ररीत हेच काम आत दडवलेले होते आणि ते थांबवायला मार्ग नव्हता, म्हणून मी थेट लिबपीक्यूकडे वळले आणि अजून त्यावर समाधानी आहे.

आज रात्री पाच स्टेटमेंटांचा बदल करून पार्शियल इंडेक्स बांधते. व्ह्यूचे दोन आकडे छापणारे ते बटण मात्र प्रोग्रॅममध्ये कायमचे ठेवले आहे, आणि त्याच्या शेजारी आता प्रत्येक स्टेटमेंटचे नावही दिसते.