रेडटेस्टचा होकार आणि मोबाइलचा नकार

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळेच्या लिनक्स सर्व्हरवर विद्यार्थ्यांची खाती होतीच. तोच पासवर्ड वायफायलाही चालावा, एवढीच प्राचार्यांची अपेक्षा होती. डेबियन या लिनक्स प्रणालीवर फ्रीरेडियस (वायफायसाठी पासवर्ड तपासणारा सर्व्हर) बसवणे, अॅक्सेस पॉइंटचा, म्हणजे वायफाय देणाऱ्या यंत्राचा, पत्ता नोंदवणे आणि डिफॉल्ट फाइलमधील ‘युनिक्स’ या ओळीपुढची # खूण काढून लिनक्स खाती वाचण्याची ती ओळ चालू करणे, हे एका सकाळीत आटोपले. रेडटेस्ट या चाचणी-प्रोग्रामने होकार दिला आणि मी उत्साहाच्या भरात “झाले, सर,” असे सांगूनही टाकले.

त्यानंतरचे तीन दिवस मात्र एकही मोबाइल जोडला गेला नाही. अॅक्सेस पॉइंट विकणाऱ्याने फोनवरून दोष सर्व्हरला दिला, मी त्याच्या यंत्राला दिला, आणि मधल्या भारनियमनाने दोघांच्याही चाचण्या अर्ध्यावर तोडल्या. पासवर्ड बदलून पाहिले, अॅक्सेस पॉइंट व सर्व्हर यांच्यातला सामायिक गुप्तशब्द पुन्हा टाकला; नकार कायम. अखेर सर्व्हर -एक्स लावून डीबग अवस्थेत (प्रत्येक पायरी पडद्यावर दाखवत) चालवला, तेव्हा एमएस-चॅप या पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीला एनटी-पासवर्ड मिळत नसल्याचे स्पष्ट लिहून आले. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते. लिनक्सच्या पासवर्ड-नोंदींच्या शॅडो फाइलमध्ये पासवर्ड नसतो, त्याचा एकमार्गी हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड उलट काढता येत नाही असे रूप) असतो. मोबाइल पीईएपी या सुरक्षित बोगद्यामधून जी एमएस-चॅप-व्ही2 पद्धत वापरतात, तिला मात्र मूळ पासवर्ड किंवा वेगळ्या प्रकारचा एनटी हॅश लागतो, आणि एकावरून दुसरा काढता येत नाही. रेडटेस्ट पीएपीने विचारतो, म्हणजे पासवर्डच पाठवतो, म्हणून त्याला होकार मिळत होता. सर्व्हरही खरा, अॅक्सेस पॉइंटही खरा. चुकीचा होता तो लिनक्सचेच पासवर्ड या पद्धतीने चालवण्याचा माझा आग्रह.

मोबाइलमध्ये टीटीएलएस हा दुसऱ्या प्रकारचा सुरक्षित बोगदा आणि दुसऱ्या टप्प्यात पीएपी निवडल्यावरही एक नकार आलाच, कारण बोगद्याच्या आतील विनंती ‘इनर-टनेल’ या वेगळ्या फाइलकडे जाते आणि तिथेही ‘युनिक्स’ची # खूण काढावी लागते. ती काढताच पहिला मोबाइल जोडला गेला. आनंदापेक्षा संतापच अधिक झाला.

राहून गेलेली एक गोष्ट: या पद्धतीत पासवर्ड आतून उघडाच जातो, म्हणून मोबाइलमध्ये सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्याची सोय बंद करू नये, नाहीतर त्याच नावाचे खोटे वायफाय लावणाऱ्याच्या हाती तो पडेल. फ्रीरेडियसचे पोर्ट (नेटवर्कवरचे दार-क्रमांक) 1812 व 1813 हे यूडीपी या संदेशपद्धतीचे आहेत. जुनी यंत्रे 1645 व 1646 वापरतात. नमुन्यादाखल दिलेला ‘टेस्टिंग123’ हा गुप्तशब्द आधी बदलावा. दोन विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर अजून विंडोज 7 आहे आणि विंडोजमध्ये टीटीएलएस 8 पासून आले, त्यामुळे त्यांना तूर्त प्रयोगशाळेतील केबलच दिली आहे.