आवाजी संदेशांतून इंग्रजी संभाषणाचा सराव : माझा अनुभव

इंग्रजी वाचणे आणि लिहिणे मला जमत होते. बोलताना मात्र मनातले वाक्य जुळेपर्यंत समोरच्यांचा विषय पुढे सरकलेला असे. समाजमाध्यमांचा उपयोग करायचे ठरवल्यावर मी प्रथम यूट्यूबवर ‘बीबीसी लर्निंग इंग्लिश’चे कार्यक्रम नियमाने ऐकू लागलो. त्यामुळे ऐकलेले अधिक कळू लागले, पण जीभ वळेना. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांविषयी भाषा-अध्ययनाच्या संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये हेच नोंदवले होते : भरपूर ऐकून मुलांची समज उत्तम झाली होती, बोलणे मात्र मागे राहिले होते.

खरा फरक पडला तो व्हॉट्सॲपवरील आवाजी संदेशांनी. आम्ही काही शिकणाऱ्यांनी एक लहान गट केला आणि रोज एका विषयावर, कागदावर काहीही न लिहिता, बोलून पाठवायचे ठरवले. समोर कोणी उत्तरासाठी थांबलेले नसल्यामुळे दडपण येत नाही, आणि तरीही आपले बोलणे कोणीतरी ऐकणार असते. मूक श्रवण आणि प्रत्यक्ष संभाषण यांमधली ही पायरी मला अत्यंत मोलाची वाटते. संदेश पाठवण्यापूर्वी तो स्वतः ऐकता येतो, हा त्याहून मोठा लाभ.

स्वतःला ऐकताना लक्षात आले की, मी प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखेच वजन देत होतो. इंग्रजीत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, असलेला भाग ठळक होतो आणि बाकीचे भाग आक्रसतात. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर असतो, तर ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर जातो. म्हणून मी चित्रफितीचा वेग ०.७५ वर ठेवून, उपशीर्षके बंद करून, वक्त्याच्या पाठोपाठ त्याच चालीत बोलू लागलो आणि नंतर तोच उतारा ध्वनिमुद्रित करून मूळ उच्चाराशी ताडून पाहू लागलो. ‘दहा वाक्ये पाठ करा’ अशा धर्तीच्या रील्स मी पाहणे सोडून दिले, कारण संदर्भावाचून पाठ केलेले वाक्य ऐन वेळी आठवत नाही.

पुढे हॅलोटॉक या भाषा शिकणाऱ्यांच्या ॲपवर भाषा-देवाणघेवाण सुरू केली : निम्मा वेळ इंग्रजी, निम्मा वेळ जोडीदाराला हवी असलेली माझी भाषा. अनोळखी व्यक्तीला फोन क्रमांक किंवा पत्ता द्यायचा नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळतो. आता दोघांतले संभाषण मी विनासायास करतो; चार जण एकाच वेळी बोलतात तिथे अजून अडखळतो, म्हणून सध्या डिस्कॉर्ड या गटसंवादाच्या ॲपवरील गटचर्चांत भाग घेत आहे.