तुम्ही विचारलंत म्हणून: मी घोळाणा का करत नाही

आजीच्या घोळाण्याचं, म्हणजे कोवळ्या पाल्याच्या कच्च्या कोशिंबिरीचं, मी तोंड भरून कौतुक करते, मग घरी जेवायला बोलावल्यावर तो पानात कधीच का वाढत नाही? नणंदेपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय. थंडी पडून बाजारात हरभऱ्याच्या जुड्या दिसायला लागल्या की पुन्हा विचारतात. "पुण्याला गेली आणि नखरे आले" हेही ऐकलंय. आजवर वेळ नसतो म्हणून विषय टाळत आले. आता एकदा सगळं सांगते.

घोळाणा काय असतो हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. सांगायचंय ते आजी भाजी कशी निवडायची ते. हरभरा पेरून महिना होत आला की शेंडे खुडायचे. त्याने झाडाला फुटवे येतात, आणि ओटीभर पाला घरी येतो. करडईची विरळणी करताना उपटलेली रोपं घोळाण्याला, पण पानाला काटा धरायच्या आत. मेथी अगदी कोवळी. वाटेकडेचं काही तोडायचं नाही, वाफ्याच्या आतलंच घ्यायचं. विळीवर पाला इतका बारीक चिरायचा की देठ दाताखाली येऊ नये. मग कांदा, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, वरून कच्चं तेल. मीठ मात्र कळण्याची भाकर तव्यावरून उतरल्यावरच, नाहीतर पाल्याला पाणी सुटतं.

आणि हरभऱ्याचा पाला धुवायचा नाही. पानावर आंब असते, ती धुतली की चव गेली. खुडताना बोटांना चिरा असल्या तर त्या आंबेने चरचरायच्या. त्या आंबटपणासाठीच तर सगळे घोळाण्यावर तुटून पडायचे. "आपल्या मळ्यातलं आहे, काय धुवायचं त्यात," असं आजी म्हणायची.

आजी गेल्यावर घोळाणा आई करू लागली. माझा धाकटा भाऊ तेव्हा इंजिनिअरिंगला होता, सुट्टीत घरी आला होता. वांग्याचं भरीत, कांद्याची पात, मुळा आणि घोळाणा असा बेत होता. भावाने भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी वाटलं मस्करी करतोय. तुकडा हातातून पडला, मान एका बाजूला वळली, आणि मग सगळं अंग ताठ होऊन झटके यायला लागले. वडिलांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कोणीतरी चप्पल हुंगवा म्हणालं. काकूने ताटातलाच कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला. आई जागची हलली नाही. घोळाण्याने माखलेला हात तिने तसाच हवेत धरला होता. शेजारची म्हातारी दारातून बघून गेली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत "बाहेरचं" झालं होतं.

जळगावला नेलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला एक लहानसं कडं दिसलं. न्यूरोसिस्टिसर्कोसिस. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं: डुकराच्या मांसातून माणसाच्या पोटात जाणारा एक पट्टकृमी असतो, त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती पाण्यातून, हातांतून, कच्च्या भाजीतून दुसऱ्याच्या पोटात गेली की त्यातले अळीसारखे जीव रक्तातून मेंदूपर्यंत पोचू शकतात. आई एवढंच म्हणाली, "आम्ही माळकरी आहोत हो." डॉक्टर म्हणाले, शाकाहारी माणसालाही होतो. आईच्या कानात मात्र "डुकराच्या" एवढाच शब्द राहिला. पुढे किती दिवस ती तुळशीची माळ गळ्याशी घट्ट धरून बसायची.

अल्बेंडॅझोल, स्टिरॉइड आणि फीटच्या गोळ्या सुरू झाल्या, फीटच्या गोळ्या पुढे काही वर्षं चालल्या. नातेवाइकांना काही सांगायचं नाही असं ठरलं, कारण फीट म्हटलं की स्थळं येत नाहीत. म्हणून तुम्हालाही कधी सांगितलं नाही. आता त्याचं लग्न झालंय, त्याला विचारूनच हे लिहितेय.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी ठरवलं होतं की हे घोळाण्यानेच केलं. आज त्या मुलीशी मला भांडायचं आहे. फीट त्या दिवशी आली म्हणून अंडी त्या दिवशी गेली असं होत नाही. ती पोटात गेल्यावर त्रास सुरू व्हायला कित्येक वर्षंही लागू शकतात. भाऊ हॉस्टेलवर राहायचा, गाड्यावर भेळ खायचा, कुठलंही पाणी प्यायचा. मळ्यातल्या पाल्यावर आळ घेण्याइतका पुरावा माझ्याकडे नव्हता आणि आजही नाही.

पण उलट बाजूही सांगायला हवी. "तुझी आजी ऐंशी ओलांडून गेली, तिला काही झालं नाही," हे मला सारखं ऐकवतात. तिच्या काळात गावातली माणसं नदीकाठी, शेताच्या कडेलाच जायची. लहान मुलांना वावडिंगाचं पाणी पाजणं हा घरोघरचा रिवाज होता. जंत नसते तर कशाला पाजलं असतं? फीट आलेल्या किती मुलांना तेव्हा मांत्रिकाकडे नेलं असेल, ते कोणी मोजलेलं नाही. हा कृमी जिथे मूळ धरून आहे त्या देशांतल्या अपस्मारात सुमारे 30 टक्के वाटा याचाच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2015 पासून शाळाशाळांतून जंतनाशक गोळ्या देतात त्या उगाच नाहीत.

तरी आजीकडे एक होतं, जे माझ्याकडे नाही. वाफा कोणाचा, पाणी विहिरीचं की नाल्याचं, खत कसलं, हे तिला माहीत होतं. मी मंडईत जुडी उचलते तेव्हा यातलं काहीच मला कळत नाही. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा म्हणतात, पण त्याने ही अंडी मरतील असा भरवसा नाही. शिजवलं की मरतात. म्हणून माझ्याकडे सोललेल्या काकडीची कोशिंबीर मिळेल, हरभऱ्याची भाजी मिळेल ती ताकातली, चांगली शिजलेली. कुंडीत मेथी लावते, मुठीएवढी येते, ती घरच्यांनाच पुरत नाही.

भावाचं म्हणाल, तर तो दर हिवाळ्यात गावी जातो आणि मळ्यातला हरभरा न धुता खातो. यंदाही फोनवर भांडलो. तो म्हणतो, माझा आजार आहे, मी ठरवीन. त्याच्यापुढे माझं काही चालत नाही. तुम्हीही तुमच्या शेतातला खुशाल खा. फक्त मला करायला सांगू नका, आणि आईसमोर तर हा विषयच काढू नका.