खरी निघाली तरी काय?

आज संध्याकाळी एका नेत्याची ध्वनिफीत डेस्कवर आली. ती अस्सल की बनावट, हे मी तपासत असताना शेजारचा तरुण सहकारी सहज म्हणाला, "सर, खरी निघाली तरी ते एआयवर ढकलून मोकळे होणार."

त्या वाक्याने घरी येईपर्यंत माझा पिच्छा सोडला नाही.

बनावट आवाजाची धास्ती आता नवी राहिलेली नाही. २०२३ मध्ये स्लोव्हाकियात ऐन मतदानाच्या तोंडावर, प्रचारबंदीच्या काळात, एका प्रमुख नेत्याच्या आवाजातील मतखरेदीचे बनावट संभाषण पसरले; जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याच्या मतदारांना तत्कालीन अध्यक्ष बायडेन यांच्या नकली आवाजात, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत मतदान न करण्याचे सांगणारे फोन गेले, आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने असे फोन बेकायदा ठरवले.

खोट्याला खरे म्हणून खपवणाऱ्याविरुद्ध कायदा करता येतो, पण खऱ्यालाच खोटे म्हणणाऱ्याचे काय करायचे? पूर्वी अडचणीची टेप बाहेर आली की 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला' असा खुलासा यायचा, ज्याची आम्ही पत्रकार यथेच्छ टिंगल करत असू. तरी त्या खुलाशात आवाज आपलाच असल्याची कबुली असायची. आज त्या रटाळ खुलाशाचीही मला किंमत वाटू लागली आहे.

मूळ फाइल मिळाली, ध्वनिमुद्रण करणाऱ्याशीही बोलणे झाले. माझी खात्री पटली आहे. वाचकाची कशी पटवू?