ज्येष्ठांच्या संस्थेत सेवा संचालक म्हणून रुजू होताना

कोल्हापुरातल्या ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्थेत सामुदायिक सेवा संचालक म्हणून रुजू झाले, तेव्हाचा हा अनुभव या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

कागदपत्रं लवकर उरकतात. संचालक नुसता पगारी असेल तर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे संस्थेच्या नोंदीतला बदल कळवणारा अर्ज, सहसा लागत नाही. विश्वस्त बदलले तर तो 90 दिवसांत दाखल करायचा असतो. बँकेत सही चालवायची असेल तर मंडळाचा ठराव आणि केवायसी दोन्ही लागतं.

खरा पदभार म्हणजे लाभार्थ्यांची यादी. ती टेबलावर ताब्यात घेऊ नये, जुन्या कार्यकर्त्याबरोबर गल्लीगल्लीतून फिरून घ्यावी. पेठांमध्ये घर नंबरावरून सापडत नाही. 'तालमीच्या मागं, वरचा मजला, जिना अरुंद' एवढं लिहिलेलं असलं की रात्री रिक्षावालाही पोचतो. मुलाचा नंबर पुण्याचा असतो, म्हणून शेजाऱ्याचा नंबर हवाच. कानानं कमी ऐकणाऱ्यांच्या नावापुढं तशी खूण करावी, नाहीतर 'फोन उचलत नाहीत' असा शेरा पडून माणूस यादीतून गळतो.

सगळ्यात जास्त वेळ पेन्शनला जातो. 'ताई, पैसे आलेत का बघा की,' हे रोजचंच. निराधार ज्येष्ठांच्या श्रावणबाळ योजनेचे पैसे आता थेट खात्यात येतात, पण कुठल्या? आधारशी शेवटी जोडलेल्या. अर्जावर एका बँकेचा नंबर असतो आणि आधार गावाकडच्या जुन्या खात्याला जोडलेलं असतं. मग पैसे तिकडं जातात, किंवा ते खातं बंद असेल तर परत फिरतात. म्हणून तहसील कार्यालयात हेलपाटे घालण्याआधी आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते पाहावं. ते आधारच्या संकेतस्थळावर दिसतं, फक्त मोबाईल आधारला जोडलेला असावा लागतो. दरवर्षीचा हयातीचा दाखला राहिला तरीही पेन्शन थांबते. त्याची तारीख यादीतच लिहावी.

आधारची ओळख पटवणाऱ्या यंत्रावर अंगठा न उमटणं ही दुसरी रोजची अडचण. वयानं आणि कष्टानं बोटांच्या रेषा झिजतात, थंडीत कातडी कोरडी पडते. हात कोमट पाण्यानं धुऊन पुसावेत, यंत्राची काच पुसावी, बोट सपाट पण हलकं टेकवावं. जोरात दाबलं की रेषा चेपतात. आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात, त्यामुळं अंगठा अडला तर अनामिका लावून पाहावी. तेही जमलं नाही तर डोळ्यांची किंवा चेहऱ्याची ओळख मागावी. आजोबांना तसंच परत पाठवलं तर पुन्हा रिक्षाचं भाडं त्यांच्याच खिशातून जातं.

आयुष्मान वय वंदना कार्ड 70 पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न घालता मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. वय आधारवरूनच धरतात. अनेकांच्या आधारवर 1 जानेवारी आणि अंदाजे साल असतं; साल चुकलं असेल तर आधी ते दुरुस्त करावं. जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून जन्मतारखेचा ग्राह्य पुरावा हाती आल्याशिवाय घाई करू नये.

मुलं सांभाळत नसतील तर आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं अर्ज करता येतो. घर मुलाच्या नावावर करायला निघालेल्यांना मी आवर्जून सांगते, की बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहून घ्या. ती नसली तर घर परत मिळवणं फार अवघड जातं. तक्रार किंवा सल्ल्यासाठी 14567 हा एल्डरलाईन या ज्येष्ठांच्या हेल्पलाईनचा नंबर मोठ्या अक्षरात फोनजवळ चिकटवून द्यावा.

रुजू होणं पावसाळ्याच्या तोंडावर असेल तर पुराची यादी आधी करा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. अंथरुणाला खिळलेल्यांना हलवायला चार माणसं आणि बराच वेळ लागतो, त्यामुळं सुतारवाड्यासारख्या सखल भागातल्यांसाठी इशारा पातळीची वाट पाहू नये. सोबत पंधरा दिवसांची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, कवळी आणि आधार एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावं. या यादीची एक छापील प्रत जवळच्या तालमीत द्यावी, कारण पाणी चढतं तेव्हा वीज आणि मोबाईल दोन्ही जातात.