तुझाच अल्बम

धाकटीने अमेरिकन गायिका माराया कॅरीचा 'द बॅलड्स' पाठवला, तिच्या संथ, हळव्या गाण्यांचा संग्रह. खाली एवढंच, "तायडे, हा तुझाच अल्बम." टाइप करताना हसली असणार. मला मात्र ते दिवसभर टोचतंय.

माझा म्हणजे काय? सुरुवातीपासून शेवटपर्यंत विरह, मध्ये दम खायलाही जागा नाही, अशी आहे मी?

ऐकायला घेतला तर वेगळीच पंचाईत. कानांना कॅसेटचा क्रम पाठ. 'हिरो'च्या आधी 'ड्रीमलव्हर' हवं, १९९३ च्या 'म्युझिक बॉक्स' अल्बमवर तसंच होतं. ते बागडून झालं की मग पियानो यायचा, म्हणून तर तो आत लागायचा. 'डेड्रीम' अल्बमचंही तेच. 'वन स्वीट डे' अमेरिकेत १६ आठवडे पहिल्या नंबरावर होतं, पण अल्बममध्ये ते तिसरं. दार उघडायला 'फँटसी'. २००८ मध्ये कंपनीने हा संग्रह काढताना रडायचं तेवढं वेचून घेतलं आणि बागडणं तिथेच ठेवलं.

घरच्यांनीही माझं तेच केलंय. मी हसवलेलं कुणाच्या लक्षात नाही. त्या वर्षी मी कशी खोलीतून बाहेर येत नव्हते, ते सगळ्यांना तारीखवार ठाऊक. पिंट्याच्या लग्नात सगळ्यात जास्त कोण नाचलं होतं? जाऊ दे. आणि तो तर... नकोच.

गंमत बघा, 'विदाउट यू'वर मी इतकी वर्षं डोळे पुसले आणि ते गाणं मुळात मारायाचंही नाही. बॅडफिंगर या ब्रिटिश बँडचं, १९७० चं. मग हॅरी निल्सन या अमेरिकन गायकाने गायलं. तो जानेवारी १९९४ मध्ये गेला आणि त्याच सुमारास हिचं सिंगल बाजारात आलं. मूळ गाणं लिहिणाऱ्या दोघांचं पुढे काय झालं ते आज लिहीत नाही. एकाचं रडणं दुसऱ्याने उचललं, त्याचं तिसरीने, आणि त्या रांगेच्या शेवटी मी, रुमाल घेऊन. एवढ्या हातांतून आलेल्या दुःखावर मी एकटीने काय हक्क सांगायचा!

हे लिहिताना जरा हसू आलं.

तरी टोचणी आहेच. रडकी म्हटल्याचा राग नाही, धाकटी लहानपणापासून म्हणत आलीय. फक्त तेवढीच उरले की काय, याची धास्ती.

आत्ता 'माय ऑल' लागलंय. सुरुवातीला गिटार, आणि ती इतक्या खालच्या पट्टीत, जवळजवळ कुजबुजत गाते की श्वाससुद्धा ऐकू येतो. पुढे आवाज वर चढतो, पण मला आवडतो तो हा खालचाच भाग. ओरडून सांगायची सोय असताना न ओरडणारा. तो ऐकायला मी आवाज वाढवते, मग वरची पट्टी आली की धावत जाऊन कमी करते. दरवेळी.

धाकटीला उत्तर पाठवलं: "हो, माझाच. पण 'फँटसी' कुठाय? त्याचं रॅपवालं रिमिक्ससुद्धा पाठ आहे मला."

तिने नुसता अंगठा पाठवलाय.